जपून ठेवलेला खराब रस्ता

उत्तर फ्रान्समध्ये, बेल्जियमच्या सीमेलगत, बीट आणि बटाट्याच्या शेतांमधून दगडी फरसबंदीचे काही जुने रस्ते जातात. दगड उंचसखल, मध्ये बोटभर फटी, दोन्ही कडांना चिखल. ट्रॅक्टर सोडला तर सहसा कोणी तिकडे फिरकत नाही. हे रस्ते कोणी डांबरी करू नयेत म्हणून तिथे एक संस्था काम करते. तिचे नाव ‘पॅरिस–रूबेचे मित्र’. तिचे स्वयंसेवक निसटलेले दगड पुन्हा बसवतात, साचलेल्या पाण्याला वाट काढून देतात, कडेची माती खरवडतात. मात्र रस्ता गुळगुळीत होणार नाही, याकडेही त्यांचे तितकेच लक्ष असते. रस्ता सुधारावा म्हणून अर्ज करकरून थकलेल्या मराठी वाचकाला हा निव्वळ चक्रमपणा वाटेल. पण या दगडांवरून वर्षातून एकदा, सहसा एप्रिलमधल्या एका रविवारी, जगातले सर्वांत ताकदवान सायकलपटू जातात, आणि त्यांतल्या कित्येकांना टूर द फ्रान्समधल्या एखाद्या दिवसाच्या विजयापेक्षा इथला विजय मोठा वाटतो.

पॅरिस–रूबे ही एका दिवसाची शर्यत. सकाळी सुरू, संध्याकाळच्या आत निकाल. टूरमध्ये एक दिवस वाईट गेला तर उरलेल्या वीस दिवसांत भरपाईची आशा असते; इथे ती नाही. व्यावसायिक सायकलिंगमध्ये अशा पाच जुन्या शर्यतींना विशेष मान आहे: मिलान–सान रेमो, टूर ऑफ फ्लँडर्स, पॅरिस–रूबे, लिएज–बास्तोन–लिएज आणि लोंबार्दिया. बाकीच्या चौघींत कुठे ना कुठे चढ निर्णायक ठरतो. पॅरिस–रूबेत चढ म्हणावा असा चढच नाही. सुमारे 260 किलोमीटरचा जवळजवळ सपाट मार्ग, आणि त्यातले 55 किलोमीटरच्या आसपास दगड. ते सलग नसतात, तीसेक पट्ट्यांत विखुरलेले असतात. पट्ट्यांचे क्रमांक उलटे मोजले जातात; पहिला लागतो त्याचा आकडा तिशीच्या घरातला, आणि शेवटचा पट्टा क्रमांक एक. म्हणजे किती सोसले यापेक्षा किती सोसायचे बाकी आहे, हेच पाटीवर वाचायला मिळते.

या शर्यतीचा जन्म झाला तो मात्र सरावाची शर्यत म्हणून. रूबे हे कापड गिरण्यांचे शहर. तेओदोर व्हिएन आणि मॉरिस पेरेझ या तिथल्या दोन गिरणीमालकांनी 1895 मध्ये गावात सायकल शर्यतींसाठी धावपट्टी बांधली आणि मग तिच्यावर गर्दी कशी जमवावी, या विचाराला लागले. पॅरिसहून निघून त्यांच्या धावपट्टीवर संपणारी शर्यत त्यांनी ‘ल व्हेलो’ या क्रीडा दैनिकाला सुचवली. त्या काळची प्रतिष्ठेची शर्यत होती बोर्दो–पॅरिस, जवळजवळ सहाशे किलोमीटरची. तिच्या काही आठवडे आधी 280 किलोमीटरची ही शर्यत म्हणजे अंग मोकळे करण्याची संधी, असा त्यांचा युक्तिवाद होता. पहिले बक्षीस होते हजार फ्रँक.

मार्ग पाहून येण्याचे काम व्हिक्टर ब्रेयर या पत्रकाराकडे आले. अमियाँपर्यंत तो मोटारीने गेला आणि तिथून पुढे सायकलने. पाऊस, थंडी आणि दगड यांनी तो इतका हैराण झाला, की रूबेला पोचताच पॅरिसला तार करून हा बेत रद्द करायला सांगायचे, असे त्याने ठरवले होते, अशी कथा सांगतात. यजमानांनी त्याला गरम जेवण आणि पेय दिले, आणि तार राहून गेली.

19 एप्रिल 1896 रोजी पहिली शर्यत झाली. जिंकला योझेफ फिशर हा जर्मन. त्याची सरासरी गती ताशी 30 किलोमीटरच्या किंचित वर होती. गिअर नसलेली जड सायकल आणि पावलोपावली गुरे-घोडागाड्यांची वर्दळ, हे लक्षात घेतले तर हा आकडा आजही थक्क करतो. पुढच्या जर्मन विजेत्याला 2015 पर्यंत, म्हणजे जॉन डेगेनकोल्ब येईपर्यंत, थांबावे लागले. तिसरा आलेला मॉरिस गारँ रूबेचाच रहिवासी. इटलीच्या आओस्ता खोऱ्यात जन्मलेला हा माणूस लहानपणी धुराडी साफ करायचा. 1897 आणि 1898 साली तो इथे जिंकला आणि 1903 मध्ये पहिल्यावहिल्या टूर द फ्रान्सचाही विजेता ठरला.

‘उत्तरेतला नरक’ हे या शर्यतीचे टोपणनाव दगडांमुळे पडले, असे आज बहुतेकांना वाटते. ते पडले युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात चार वर्षे शर्यत झाली नाही. 1919 मध्ये ती पुन्हा भरवायची म्हणून आयोजक आणि पत्रकार मार्ग पाहायला निघाले. उत्तरेकडे जाता जाता झाडांचे जळके बुंधे, बॉम्बगोळ्यांचे खड्डे, चिखलात रुतलेले लोखंड आणि क्रॉसांच्या रांगा दिसू लागल्या. गावे नावापुरती उरली होती. हा नरक आहे, असे त्यांनी लिहिले, आणि शब्द चिकटला. शर्यत ज्यांनी गाजवली होती त्यांतलेही काही जण त्या मातीत गेले होते. 1909 ते 1911 अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकणारा ऑक्ताव्ह लापिझ लढाऊ वैमानिक म्हणून 1917 मध्ये मारला गेला. 1913 चा विजेता फ्रांस्वा फाबेर 1915 मध्येच पडला होता. 1919 ची शर्यत आँरी पेलिसियेने जिंकली.

तेव्हा दगडी रस्त्यांचे कौतुक कोणालाच नव्हते. सगळे रस्ते तसेच होते, त्यामुळे त्यांत वेगळे काय? दगडाला किंमत आली ती तो नाहीसा होऊ लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने झपाट्याने डांबर ओतले. शर्यत दूरचित्रवाणीवर दिसू लागल्यावर तर गावोगावच्या महापौरांना आपला उखडलेला रस्ता देशभर दाखवला जाणे लाजिरवाणे वाटू लागले आणि डांबराची घाई आणखी वाढली. 1965 पर्यंत मार्गावर दगडांचे जेमतेम 22 किलोमीटर उरले. सपाट, गुळगुळीत रस्त्यावरून मोठा जथा एकत्र रूबेला पोचणार आणि शेवटच्या दोनशे मीटरांत वेगवान गडी जिंकणार. अशा शर्यती युरोपात ढिगाने होत्या. पॅरिस–रूबेचे वेगळेपण डांबराखाली गाडले जात होते.

आयोजक जाक गोदे यांनी माजी सायकलपटू आल्बेर बुवे याला दगड शोधायला धाडले. बुवेने जाँ स्ताब्लिन्स्कीला विचारले. हा 1962 चा जगज्जेता. पोलंडहून आलेल्या कुटुंबातला, याच कोळसा पट्ट्यात वाढलेला. तरुणपणी तो आरेनबेर्गच्या खाणीत उतरून काम करत असे. खाणीच्या वरच्या जंगलातून जाणारी एक सरळ दगडी वाट त्याला माहीत होती आणि ती त्याने दाखवली. 1968 मध्ये शर्यत पहिल्यांदा आरेनबेर्गच्या जंगलात शिरली. त्या वर्षीचा विजेता होता एडी मर्क्स. याच सुमारास सुरुवातीची जागा पॅरिसहून उत्तरेला शांतियीला हलली, 1977 पासून ती काँपियेनला आहे. म्हणजे गेली कित्येक दशके पॅरिस–रूबेचा पॅरिसशी संबंध केवळ नावापुरता उरला आहे. स्ताब्लिन्स्कीबद्दल असे म्हणतात की त्या जंगलाच्या खालूनही आणि वरूनही गेलेला तो एकटाच सायकलपटू. खाण 1989 मध्ये बंद झाली. तिच्या आवारात पुढे ‘जर्मिनाल’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, आणि 2012 मध्ये युनेस्कोने हा सगळा कोळसा पट्टा जागतिक वारसा यादीत घेतला.

आरेनबेर्गचा पट्टा साधारण 2.3 किलोमीटरचा. उंच झाडांमधून नाकासमोर जाणारा, सुरुवातीला किंचित उताराचा. दगड मोठे, कडा झिजलेल्या, आणि झाडांच्या सावलीमुळे बाहेर ऊन असतानाही ओलसर. इथून रूबे अजून नव्वदहून अधिक किलोमीटरवर असते. त्यामुळे आरेनबेर्गमध्ये शर्यत कोणी जिंकत नाही. हरतात मात्र बरेच. अरुंद तोंडातून पहिल्या वीसांत शिरायचे म्हणून प्रत्येक संघ आपल्या म्होरक्याला पुढे आणू पाहतो आणि आधीच्या डांबरी रस्त्यावर वेग ताशी साठच्या घरात जातो. तिथून थेट दगडांवर. 1998 मध्ये बेल्जियमचा योहान मुसेव इथेच पडला. गुडघ्याच्या वाटीचा चुरा झाला, जखमेत गँगरीन झाले, पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. पुढच्या वर्षी आयोजकांनी वेग कमी व्हावा म्हणून हा पट्टा उलट दिशेने ठेवला. 2000 मध्ये मुसेव एकटा रूबेत शिरला आणि अंतिम रेषेवर पाय पेडलवरून काढून त्याने तोच गुडघा बोटाने दाखवला. 2005 मध्ये खाणकामाने खचलेली ही वाट इतकी बिघडली की तिला त्या वर्षी मार्गातून वगळावे लागले. दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या वर्षी ती परत आली. 2024 मध्ये खेळाडूंच्या संघटनेच्या आग्रहावरून तोंडाशीच नागमोडी वळण घातले गेले, तेव्हा त्या वळणाचीही भरपूर टिंगल झाली. या जागेचे काय करायचे, याचे सर्वमान्य उत्तर अजून कोणालाच सापडलेले नाही.

दगडांवर सायकल चालवण्याचे शास्त्र सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. रस्ता वाईट दिसला की आपण वेग कमी करतो. इथे वेग कमी केला की प्रत्येक फट चाकाला गिळते, हादरा वाढतो आणि उरलासुरला वेगही जातो. वेग ठेवला तर चाक दगडांच्या माथ्यांवरून तरंगत जाते. म्हणून जड गिअर, बसकण जरा मागे, हात हँडलच्या वरच्या भागावर, आणि पकड सैल. हँडल घट्ट आवळणाऱ्याचे हात तासाभरात बधिर होतात, तळव्यांना फोड येऊन ते फुटतात. रस्ता मध्ये फुगीर असतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजू दाबलेल्या असतात. त्यामुळे मधला उंचवटा हीच सर्वांत सुरक्षित वाट. कोरड्या दिवशी काही जण कडेच्या मातीच्या साइडपट्टीवर उतरतात. तिथे हादरे कमी, पण धारदार गारगोटीने टायर फाटण्याचा धोका जास्त. पाऊस असला तर साइडपट्टी म्हणजे निव्वळ राडा आणि उंचवटा म्हणजे साबण लावलेली फरशी.

अशा मार्गावर डोंगरचढीचे काटक, हलके वीर सहसा मागे पडतात. इथे उंचापुरा, वजनदार गडी चालतो, तासन्‌तास एकाच जोराने पेडल मारणारा. रोजर द व्ह्लामिंकने 1972 ते 1977 या काळात चार वेळा ही शर्यत जिंकली, आणि 2005 ते 2012 मध्ये टॉम बोनेनने त्याची बरोबरी केली. दोघेही बेल्जियन. बर्नार इनो या पाच वेळच्या टूर विजेत्याला ही शर्यत मूर्खपणाची वाटे आणि तो ते उघड बोलून दाखवी. पण 1981 मध्ये जगज्जेत्याची जर्सी अंगावर असताना तो वारंवार पडूनही जिंकला. मत मात्र बदलले नाही. टीका करायची तर आधी जिंकून दाखवायचे, ही त्याची रीत मानी आणि चोख होती.

सायकलचे कारखानेही या रविवारची वाट पाहतात, कारण एवढी कठोर चाचणी त्यांना फुकटात दुसरीकडे मिळत नाही. 1990 च्या दशकात मोटरसायकलीसारखे दाबले जाणारे पुढचे शॉकअॅब्सॉर्बर बसवून पाहिले गेले. जिल्बेर द्युक्लो-लासाल हा फ्रेंच खेळाडू 1980 आणि 1983 मध्ये दुसरा आला होता. 1992 मध्ये असाच शॉकअॅब्सॉर्बर लावून, वयाच्या 37 व्या वर्षी, तो जिंकला. पुढच्या वर्षी रूबेच्या धावपट्टीवर त्याची आणि इटलीच्या फ्रांको बालेरिनीची झुंज लागली. बालेरिनीने विजय साजरा करायला सुरुवातही केली होती. छायाचित्रात द्युक्लो-लासाल काही सेंटिमीटरांनी पुढे निघाला. खचलेल्या बालेरिनीने पुन्हा इकडे फिरकणार नाही असे जाहीर केले, आणि मग 1995 आणि 1998 मध्ये येऊन दोनदा जिंकला. ते शॉकअॅब्सॉर्बर काही टिकले नाहीत. जड होते, आणि डांबरी रस्त्यावर ताकद खात. त्यांच्यापेक्षा साधा उपाय टिकला: रुंद टायर आणि कमी हवा. एकेकाळी पंचवीस मिलिमीटरच्या आत-बाहेर असणारे टायर आता तीस-बत्तीस आणि त्याहूनही रुंद झाले आहेत. हँडलला फीत दुहेरी गुंडाळतात. संघांची माणसे सुटी चाके आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पट्ट्यापट्ट्याच्या शेवटी उभी असतात, कारण अरुंद वाटेवर मागची मोटार वेळेत पोचेल याचा भरवसा नसतो.

एवढे करूनही नशीब लागतेच. ही शर्यत म्हणजे लॉटरी, असे म्हणणाऱ्यांचे आणि ते खोडून काढणाऱ्यांचे, दोघांचेही म्हणणे पटावे अशी उदाहरणे हिच्या इतिहासात आहेत. 1949 मध्ये आघाडीवरच्या छोट्या गटाला धावपट्टीच्या बाहेर चुकीच्या दिशेने वळवण्यात आले. आंद्रे माहे पत्रकारांच्या बाजूच्या दरवाजाने आत शिरला आणि पहिला आला. मागून नियमित वाटेने आलेल्या जथ्यात सेर्से कोप्पी पहिला. सेर्से हा महान फाउस्तो कोप्पीचा धाकटा भाऊ, आणि भावाच्या नावावर एखादा मोठा विजय लागावा ही फाउस्तोची मनापासून इच्छा. तक्रारी झाल्या, अपिले झाली, महिने गेले. अखेर नोव्हेंबरात दोघांनाही विजेते ठरवण्यात आले. सेर्से 1951 मध्ये एका शर्यतीत पडून दगावला. त्याच्या नावावरचा सर्वांत मोठा विजय हा अर्धाच राहिला.

2006 मध्ये फाबियान कान्चेलारा पुढे निघून गेला असताना त्याच्या मागच्या तिघांनी रेल्वेचे बंद फाटक ओलांडले. त्यांच्या मागून बोनेनचा गट आला तो मालगाडी जाईपर्यंत थांबला. तिघांनाही बाद केले, आणि थांबलेला बोनेन दुसरा ठरला. फाटकाखालून सायकल काढण्याची सवय जगभर सारखीच दिसते, फरक इतकाच की इथे कॅमेरे होते.

2016 ची कहाणी मात्र नशिबाची म्हणावी तर तशी नाही. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन हा 37 वर्षांचा खेळाडू आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पाणी आणणारा, वारा अडवणारा. पॅरिस–रूबेला पंधराव्यांदा उभा राहिलेला. जेमतेम सहा आठवडे आधी त्याचा हात मोडला होता. बाहेर सायकल चालवणे शक्य नव्हते, तेव्हा त्याने घरातच जागच्या जागी फिरणाऱ्या यंत्रावर सराव केला. त्या रविवारी तो लवकरच आघाडीच्या गटात गेला, म्हणून मागे झालेल्या पडझडीतून वाचला, आणि शेवटी धावपट्टीवर त्याने बोनेनला, पाचव्या विजयाच्या उंबरठ्यावर असलेल्या बोनेनला, मागे टाकले. रेषा ओलांडल्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. दगडांची ओळख एवढ्या वर्षांची असावी लागते, असे जाणकार म्हणतात. आणि मग 2021 मध्ये, कित्येक वर्षांनी पावसाने झोडपलेल्या शर्यतीत, पहिले तिघेही असे होते की ज्यांनी ही शर्यत त्याआधी कधीच केली नव्हती. जाणकारांनी गप्प बसावे, असा तो दिवस. जिंकला इटलीचा सोनी कोलब्रेली.

त्याच्या आदल्या दिवशी, 2 ऑक्टोबर 2021 रोजी, याच ओल्या दगडांवर स्त्रियांची पहिली पॅरिस–रूबे झाली. पुरुषांच्या शर्यतीनंतर सव्वाशे वर्षांनी. दगड बायकांना झेपणार नाहीत, असे तोवर बिनदिक्कत बोलले जाई. ब्रिटनची लिझी डेग्नन आपल्या संघातल्या इतरांना मदत करण्यासाठी पुढे गेली, मागे पाहिले तर कोणी नव्हते, तेव्हा जातच राहिली. शेवटचे ऐंशीहून अधिक किलोमीटर तिने एकटीने कापले. रूबेत पोचली तेव्हा तिच्या हँडलच्या पांढऱ्या फितीवर तळव्यांचे रक्त होते. बक्षीस 1,535 युरो. पुरुषांच्या विजेत्याला 30,000. ही तफावत तिच्या संघाने पदरचे पैसे घालून भरून काढली. आयोजकांनी ती वेळ येऊ द्यायला नको होती.

विजेत्याला करंडक मिळतो तो दगडच, लाकडी बैठकीवर बसवलेला, याच रस्त्यांवरचा. धावपट्टीशेजारच्या जुन्या स्नानगृहात सिमेंटचे बुटके आडोसे आहेत आणि प्रत्येकावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी. आता संघांच्या बसमध्ये गरम पाण्याची सोय असते, तरी काही जण मुद्दाम तिथे जाऊन अंगावरची माती धुतात.

अलीकडच्या काळात नेदरलँड्सचा माथ्यू व्हॅन डर पूल या दगडांवर अक्षरशः राज्य करून गेला. 2023, 2024, 2025 अशी ओळीने तीन वर्षे. लापिझ आणि 1978 ते 1980 मधला फ्रांचेस्को मोझेर यांच्यानंतर हे जमलेला तो तिसराच. 2024 मध्ये त्याने शेवटचे साठ किलोमीटर एकट्याने काढले आणि सरासरी पडली ताशी सुमारे 47.8 किलोमीटर. 2025 मध्ये टूरविजेता तादेय पोगाचार पहिल्यांदाच इथे उतरला, बराच वेळ त्याच्या बरोबरीने राहिला, आणि एका वळणावर वेग न आवरल्याने रस्त्याबाहेर जाऊन दुसरा आला. हलक्या गड्यांचे इथे काम नाही, या जुन्या समजुतीला त्याने बराच धक्का दिला.

ही शर्यत पाहायची तर शेवटच्या दहा मिनिटांसाठी दूरचित्रवाणी लावू नका. भारतात आरेनबेर्ग साधारण संध्याकाळी सहाच्या सुमारास येते आणि निकाल आठनंतर. जंगलाच्या तोंडापासून बसा, आणि पुढे कोण आहे यापेक्षा माँस-आँ-पेवेल आणि कारफूर द लार्ब्र या पट्ट्यांच्या आधी कोणाचा संघ अजून शाबूत आहे, ते पाहा. निकाल बऱ्याचदा तिथेच कळतो.